सोल्यूशनच्या टेबलावरची जागा

१२ सप्टेंबर
आले बाई एकदाची! बसमधून उतरले तर गावभर भाजलेल्या मिरच्यांचा घमघमाट. खोली तिसऱ्या मजल्यावर, पण उजेडाची. बुटांच्या कारखान्यात मुकादम मेतोदीकाकांनी माझे हात पाहिले अन् म्हणाले, झ्लातिना, बोटं चपळ आहेत तुझी, कधीतरी सोल्यूशनच्या टेबलावर बसशील. सोल्यूशन म्हणजे उग्र वासाचा डिंक, त्यानं बुटांना तळवे चिकटवायचं ते टेबल. पगार जास्त, शिवाय रोज एक वाडगा दही फुकट. दही त्या वाफेचं विष मारतं म्हणे.

२० सप्टेंबर
त्या टेबलावर नेवेना बसते. दारातल्या मानाच्या फळ्यावर फोटोही तिचाच. दिवसाला तीनशे जोड! मी शंभरावरच हाशहुश्श करते. जेवताना माझ्यासमोर दही चाटूनपुसून खाते आणि वर विचारते, तुला हवंय का गं थोडं? जळले मी, खोटं कशाला बोलू.

९ ऑक्टोबर
थंडी पडली, तरी बाईसाहेब खिडकी उघडतात. डोकं गरगरतं म्हणे! वाऱ्याचा झोत लागला की मान धरते, तोंड वाकडं होतं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. सगळ्या तिच्यावर ओरडल्या, मी सगळ्यांत मोठ्यानं. खिडकीच्या फटींवर कागदाच्या पट्ट्याही मीच चिकटवल्या.

२ नोव्हेंबर
नेवेनाच्या हातून ब्रश दोनदा पडला. कुणाला सांगू नकोस, म्हणून माझ्या विनवण्या केल्या. मी तडक मेतोदीकाकांकडे गेले. संध्याकाळी ती घरी आणि टेबल माझं! जाताना म्हणाली, खिडकी उघडी ठेव गं. मेली, जाता जाताही माझी मान धरावी असंच वाटतंय तिला.

१८ जानेवारी
फळ्यावर माझा फोटो! तीनशे दहा जोड. मेतोदीकाकांना तीनशे तीस हवेत, म्हणून चहालाही उठत नाही. पावलांना मुंग्या येतात. झोत लागला असणार कुठून तरी. आणखी पट्ट्या लावल्या.

३ मार्च
जिना चढताना पायातली सपात गळली, कळलंच नाही. वळून पाहिलं तर दहा पायऱ्या खाली पडलेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सोल्यूशनच्या वाफेनं नसा मरताहेत, ते टेबल आजच सोडा. नेवेनानंच पढवलं असणार त्यांना. सोडू? म्हणजे ती परत येऊन बसायला मोकळी!

२१ मार्च
ब्रश मनगटाला बांधते. बाही ओढून घेतली की दिसत नाही. आता दही दोन वाडगे खाते.

६ एप्रिल
तापलेल्या शेगडीवर हात टेकला होता. केव्हापासून, कोण जाणे. करपल्याचा वास आला. वाटलं, शेजारच्यांचं मांस करपलंय —

११ एप्रिल
कारखान्यातून मलाही घरी पाठवलं. पाय पांघरुणाखाली दिसतात. पण ते माझे —
रात्रंदिवस एकच विचार. टेबलावर कोण बसलं?

३० एप्रिल
पेन्सिल मुठीला बांधून लिहितेय.
नेवेना आली होती. ईस्टरची लाल अंडी घेऊन. तीन जिने चढून, काठीशिवाय. म्हणाली, तू सांगितलंस म्हणून मी वेळेत सुटले गं, डॉक्टरीणबाई म्हणतात, आणखी दोन महिने तिथं बसते तर पाय गेलेच असते. तुझे उपकार कसे फेडू? माझा हात धरून रडली. खाली पाहिलं तेव्हा कळलं, हात धरलाय.
आता उतरतेय. एकेक पायरी वाजतेय. भरभर उतरतेय सटवी.
ते पाय माझे होते. मीच दिले तिला — मीच, माझ्या हातानं —
परत बोलावते. नेवेना, जरा वर ये गं — ये, जवळ बस — तुझे पाय मला —