जळकोटची पोरं

१४ जुलै १९५८, सोमवार. तुळजापूर
हेडमास्तरांनी (यापुढं हे.मा., एवढं लांब कोण लिहितो) बोलावून चार नावं वाचून दाखवली. आठवीची पोरं, सगळी पुजाऱ्यांच्या घरची. मंगळवारी-शुक्रवारी देवीला गर्दी झाली, की चौघं वर्गातून गायब, मोटारस्टँडवर यात्रेकरू गाठायला. भानुदास तर उरलेल्या दिवशी मारामाऱ्याही करतो. हे.मा. म्हणाले, "यापुढं एक वार बुडाला तरी नाव काढून दाखला हातात देईन." मी तोंड उघडलं. शाळा सुटल्यावर तासभर माझ्याकडं द्या, बघतो.
सौ. म्हणाली, विकतचं दुखणं घेतलंत. खरंय. पण भान्या मला आवडतो, काय करू.

१६ जुलै, बुध.
पहिली संध्याकाळ. लिंबाखाली बसलो. उपदेश सुरू केला, थोड्याच वेळात चौघं जांभया द्यायला लागली. मलाही आली. मग सुचलं. बोर्डिंगात पाचवीची, खेड्यांतून आलेली नवी पोरं आहेत. घरच्या आठवणीनं रडतात, दोन पळालीसुद्धा. म्हटलं, ही तुमच्या हवाली. अभ्यास घ्या, हवं-नको बघा. वाटून तुमची तुम्ही घ्या. भान्यानं एवढंच विचारलं, "गावं कुठली हायत त्यांची?" बरं वाटलं. आस्थेनं विचारतोय म्हणून.

१८ जुलै, शुक्र.
आस्था कसली. यांच्या घरी गाववार यजमान (उतरायला येणारे यात्रेकरू) वाटलेले असतात, तशी पोरं वाटून घेतली. ज्याच्या घराकडं जे गाव, त्या गावची पोरं त्याची. वाशीच्या एका पोरावरून चौघांतला नारायण नि आणखी एक हातघाईवर आले, कारण वाशीवरून त्यांच्या आज्यांचं भांडण. मी ओरडलो, ही शाळा आहे, देऊळ नव्हे. भान्या शांतपणे, "गुरुजी, जळकोट आमच्या आज्याच्या आधीपासनं आमच्याकडं हाय. तिथला मानूस आला की जेवला का, निजला कुठं, कुणाचा कोण, समदं आमीच बघतो. तुमी तेच करा म्हनला न्हवं?"
तेच म्हणालो होतो.
लिहायचं राहिलं. शुक्रवार असून चौघंही हजर.

२९ जुलै, मंगळ.
भान्या हजर. जळकोटच्या तिघांचे पाढे घेतो. चुकलं तर मारत नाही, "तुझ्या चुलत्याला सांगीन" म्हणतो. चुलत्याचं नावही ठाऊक असतं लेकाला. तिघांत धाकटा शंकर, धनगराचा, जेमतेम तोंड उघडतो. त्याला परवा घरी नेऊन जेवू घातलं म्हणे.
संध्याकाळी भान्याचे वडील, नाना, दारात. "मंगळवारी स्टँडवर पोरगं नसलं तर यजमान दुसऱ्याच्या घरी जातो, गुरुजी. शाळा जेवू घालनार हाय का आमाला?" चहा दिला. जाताना म्हणाले, "घरात मातर आता लई शहाण्यावानी वागतंय." तक्रार होती की काय, कळलं नाही.

१२ ऑगस्ट, मंगळ.
भान्या नाही. शंकरही नाही. पोरांकडून कळलं, शंकर सकाळी घरी पळाला. भान्या पुढची मोटार धरून त्याच्या मागं जळकोटला गेला. ना बापाला सांगितलं, ना मला. नेमकी आज हे.मां.नी हजेरी स्वतः घेतली. सगळं सांगितलं मी. "गैरहजर म्हणजे गैरहजर." दिवसभर शिकवण्यात लक्ष नव्हतं. काळजी वाटते नि रागही येतो. गाढवानं एक शब्द टाकायचा होता.

१३ ऑगस्ट, बुध.
दुपारी दोघं आले. रात्री शंकरच्याच घरी मुक्काम. आई काय म्हणाली, विचारलं.
"पाया पडली. पुजारी दारात आला म्हनली."
आठवीतला पुजारी. हसू आवरेना.
"मग म्या सांगितलं, दिवाळीपातूर पोरगं माझ्या जिम्म्याला राहू द्या."
इथं मात्र डोळे भरून आले. त्याला तसाच हे.मां.कडं नेला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, एकाला सूट दिली तर चौघांना द्यावी लागेल. विचार करतो. माणूस वाईट नाही, पण नियम म्हटला की...

१४ ऑगस्ट, गुरु.
हे.मा. अजून काही बोललेले नाहीत. दाखला लिहून टेबलावर ठेवलाय, सही केलेली नाही. नाना सकाळपासून शाळेच्या ओट्यावर बसून होते. भांडायला आले असतील म्हणून जवळ गेलो, तर म्हणाले, "सायबाला माझा निरोप द्या. मंगळवारी स्टँडवर मी बघतो म्हनावं." दिला. हे.मां.नी मान हलवली, तीही कुठल्या अर्थानं कोण जाणे.
शाळा सुटल्यावर भान्या लिंबाखाली आला. तिघांना पलीकडं बसवून माझ्याजवळ आला.
"गुरुजी, माझं नाव काढलं तर जळकोटची पोरं कुणाला देनार? नारायणाला नगा देऊ. त्यो शंकरवर वरडतो."
स्वतःसाठी एक शब्द बोलला नाही. म्हटलं, आज तर तूच घे. तो जाऊन बसला नि तेराचा पाढा घ्यायला लागला.