मखमलला घेऊन जा

३ नोव्हेंबर, मंगळवार

ताई,

नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते.

मी कोण ते तुम्हाला अक्षरावरून नाही तरी पाकिटावरच्या पत्त्यावरून कळलं असेल. तुमच्या घरचा पत्ता कुणाला विचारायला तोंड नव्हतं, म्हणून हे तुम्ही शिकवता त्या शाळेच्या पत्त्यावर पाठवते आहे. त्यांचा उल्लेख कसा करायचा यातच दोन कागद फुकट गेले. तुम्हाला लिहिताना ‘हे’ असं लिहायला हात धजत नाही. काचेच्या दुकानात सगळे त्यांना उस्ताद म्हणतात, मीही तेच लिहिते.

पत्राचं कारण मखमल. तुम्ही दोघांनी तिला आणलंत तेव्हा ती नखाएवढी होती म्हणे. आता पाय पसरून बसली की माझा तळहात झाकेल. रंग काळाभोर, आणि पायांची टोकं मात्र गुलाबी, जणू कुणी हौसेने रंगवलेली. ती झाडावर राहणाऱ्या कोळ्यांच्या जातीची, तिला उंची हवी, म्हणून उस्तादांनी तिची पेटी पुन्हा उभी बांधली. काच स्वतः कापली, कडा घासल्या. आत सालीचा एक लांब तुकडा उभा आहे आणि त्यामागे मखमलने जाळ्याची नळी विणली आहे. दिवसभर त्यात बसते. दोन गुलाबी बोटं तेवढी बाहेर.

लग्न होऊन आले तेव्हा मला तिच्याबद्दल कुणी सांगितलं नव्हतं. मला वाटलं, शोभेची वस्तू आहे. मी फडक्याने काच पुसायला गेले आणि ती शोभेची वस्तू चालायला लागली. मी तशीच चप्पल घालून भावाकडे गेले. उस्ताद न्यायला आले. म्हणाले, “ती कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. तू तुझे पडदे शिव, ती तिचे शिवते.” भाऊ हसला, मग मीही हसले, आणि परत आले.

त्यानंतर एकाच घरात आम्ही दोघी राहिलो. मी तिच्या वाटेला गेले नाही.

आता जावं लागतं. नाकतोडे मीच चिमट्याने सोडते. काचेवर पाणीही मीच फवारते. उस्तादांना पेटीचं झाकण उचलवत नाही.

त्यांची खाट पेटीशेजारी आणून ठेवली आहे. छातीचं दुखणं जुनंच, तुमच्या वेळीही खोकला होताच ना. आता जिना उतरणं बंद झालंय. डॉक्टर पूर्वी दर खेपेला औषध बदलायचे, हल्ली बदलत नाहीत. त्यांना आवडेल ते खायला करून घाला म्हणतात. मी करते. दोन घास खातात, माझ्या समाधानासाठी.

तर विनंती अशी की मखमलला तुम्ही घेऊन जावं. या जातीच्या माद्या पुष्कळ वर्षं जगतात. मला तिची भीती वाटते.

हे वाक्य खोडत नाही, पण ते खरं नाही. भीती कधीच गेली. परवा दुपारी उस्तादांना ताप होता. त्यांनी मला हाक मारली, ती तुमच्या नावाने. तुम्हाला घरात ज्या नावाने हाक मारायचे, त्या नावाने. मी ‘ओ’ दिली. ते म्हणाले, “खिडकी लाव, तिला वारा लागतो.” मी लावली. मग शांत झोपले.

तुम्हाला बोलवा असं ते कधीच म्हणणार नाहीत, तुम्हाला स्वभाव माहीत आहे. फक्त विचारत राहतात, “मखमल कुणाकडे जाईल?”

पुढच्या गुरुवारी दुपारी मी एका दवाखान्यात पडदे लावायला जाणार आहे. संध्याकाळपर्यंत येणार नाही. दार नुसतं लोटलेलं असेल. पेटी जड नाही, पण उचलायची घाई करू नका. जरा बसा.

काचवाल्यांच्या घरातली,
धाकटी


२९ नोव्हेंबर, रविवार

ताई,

मखमल रुळली असेल. ती खात नसेल तर घाबरू नका. इथून गेली तेव्हाच पोट काळवंडलेलं होतं, म्हणजे कात टाकायच्या बेतात आहे. त्या वेळी तिला हलवू नका, पेटीत काही सोडू नका, फक्त पाणी असू द्या.

उस्ताद गेल्याचं कानावर आलंच असेल. बुधवारी सकाळी गेले. फार त्रास झाला नाही असं सगळे म्हणतात. मी जवळ होते. झाला.

मला त्या गुरुवारचं लिहायचं आहे. तुम्हाला दोष द्यायला नाही. मी तुमच्या जागी असते तर कदाचित उत्तरही दिलं नसतं.

त्या दिवशी मी निघायला उशीर केला. तुम्हाला जिन्यात एकदा बघावं, एवढीच इच्छा. पण वर आला तो पाळीव प्राण्यांच्या दुकानातला माणूस. हातात जाळीचं झाकण असलेला डबा आणि तुमची चिठ्ठी: ‘याच्याकडे द्या. मी नीट सांभाळीन.’ मी ती वाचून पदराआड केली. त्याचं काम स्वच्छ होतं. सालीसकट तिला अलगद डब्यात घेतलं, रिकामी पेटी काखोटीला मारली.

उस्ताद सगळं बघत होते. सकाळी त्यांनी दाढी करून घेतली होती. मी काही सांगितलं नव्हतं, तरी.

तो माणूस दाराबाहेर पडल्यावर म्हणाले, “ती नाही आली?”

मी म्हटलं, “आल्यात. खाली टॅक्सीत बसल्यात. गुडघे धरलेत त्यांचे, दोन जिने चढवत नाहीत.”

“तिचे गुडघे? ती तर धावत चढायची.”

“वय होतं की माणसाचं.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. खोटं पकडलं असावं, किंवा नसेलही. म्हणाले, “मला बसव.”

एरवी बसवायला दोन माणसं लागायची. त्या दिवशी मी एकटीनेच पाठीला खांदा देऊन बसवलं आणि पडदा बाजूला केला. खाली खरोखरच टॅक्सी उभी होती. दुकानातला माणूस डबा घेऊन पुढे बसत होता. मागच्या सीटवर कुणी आहे की नाही, ते वरून दिसत नव्हतं. एवढ्या एका गोष्टीसाठी मी त्या टॅक्सीची जन्मभर ऋणी राहीन.

त्यांनी हात वर केला. थोडासाच, खांद्यापर्यंत. टॅक्सी वळून गेली तरी हात तसाच. शेवटी मीच तो धरून खाली आणला. नंतर त्यांनी तुमचा विषय काढला नाही आणि मखमलचाही नाही. त्या रात्री मात्र ताटातलं सगळं संपवलं.

मी पाठीमागे होते, म्हणजे तो हात मला नव्हता. तो तुम्हाला होता. तुम्ही तिथे नव्हता, म्हणून लिहून पाठवते आहे.

उत्तराची वाट न बघणारी,
तुमची धाकटी