उलटा पडलेला खिळा

१४ जुलै

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून रागावू नकोस. आमच्या विभागात तीन दिवस चर्चासत्र होतं आणि मला माझ्या विषयाचीच शिसारी आली. चारशे वर्षांपूर्वीचा तो इंग्रज कवी, ज्याच्यावर मी पाच वर्षं प्रबंध लिहितेय, त्याचे शब्द एकाने संगणकाकडून मोजून घेतले होते. दुसरा तो कुणाच्या शेजेला जायचा ते हुंगत होता. तिसऱ्या बाईंनी त्याने कुठल्या राजाचे तळवे चाटले ते रंगवून सांगितलं. मढ्याभोवती गिधाडं बसावीत तसे सगळे. कविता आवडली का, हे कुणीच कुणाला विचारलं नाही.

माझ्या मार्गदर्शक सरांची तऱ्हा आणखी वेगळी. एका कवितेच्या शेवटच्या ओळीत ‘एकाकी’ अशा अर्थाचा शब्द आहे. त्या एका शब्दावर त्यांनी जाडजूड पुस्तक उभं केलंय. आता गंमत ऐक. परवा एका दूरच्या ग्रंथालयाने त्याच आवृत्तीच्या दुसऱ्या प्रतीचा फोटो पाठवला. पान हुबेहूब तेच, पण शब्द ‘प्रेम’! एकाच छपाईत दोन शब्द कसे? तू छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवण्यात उमेदवारी केलीस, आता मुद्रितं तपासतोस, तेव्हा तूच सांग. दोन्ही फोटो सोबत आहेत.

वहिनीची कंबर कशी आहे?

तुझी माया आहे, ती आटू देऊ नकोस.
तुझी बडबडी

२३ जुलै

चि. बडबडी हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फोटो भिंगाखाली धरून बसलो होतो. वहिनी म्हणाली, माझ्याकडे जन्मात कधी इतकं निरखून पाहिलं नाहीत. तिची कंबर बरी आहे, जीभ त्याहून बरी.

अगं, यात कोडं कसलं! जुन्या काळी ‘लव्ह’मध्ये ‘व्ही’ऐवजी ‘यू’ लिहीत, हे तूच मागे सांगितलं होतंस. ‘यू’चा खिळा उलटा बसला की ‘एन’ दिसतो, आणि ‘लव्ह’चं ‘लोन’ होतं, म्हणजे एकाकी. छपाई चालू असताना कुणाच्या तरी लक्षात आलं असणार. त्याने यंत्र थांबवून खिळा सरळ केला. आधीचे कागद टाकून देणं जिवावर आलं, म्हणून तेही बांधले गेले. आम्हीही हे पाप केलेलं आहे. खिळा खोटं बोलत नाही, फक्त कधीतरी डोक्यावर उभा राहतो.

सरांना सांगताना जपून सांग. त्यांच्या पुस्तकाच्या पायातली वीट काढते आहेस.

वेळेवर जेवत जा.
तुझा दादा

११ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. वि. वि.

जपूनच सांगितलं रे. तुझं ते खिळ्याचं वाक्य तुझ्या उल्लेखासकट प्रबंधाच्या एका प्रकरणात घातलं आणि प्रकरण सरांना दिलं. त्यांनी ते सगळ्यांसमोर उघडलं, आणि हल्ली संशोधन भावाच्या छापखान्यात होतं का, असं विचारलं. सगळे हसले. शब्द मोजणारे गृहस्थही हसले, आणि नंतर जिन्यात गाठून कुजबुजले की तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे. अशा पाठिंब्याला काय चाटायचंय?

मग सरांनी खोलीत बोलावलं. प्रकरण काढलं नाही तर प्रबंधावर सही होणार नाही, असं ते अगदी गोड आवाजात म्हणाले आणि बशीतलं बिस्कीट पुढे केलं.

दादा, मी प्रकरण काढलं. आणि ते बिस्कीट खाल्लं. त्याची चव अजून तोंडातून जात नाही. सरांची किळस येते त्याहून माझी मला जास्त येते.

मला रागाव, पण लिही.
बडबडी

६ नोव्हेंबर

चि. बडबडी हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्यावर काय रागावू? हे पत्र बसून वाच.

काल एका समीक्षेच्या नियतकालिकाची मुद्रितं माझ्या टेबलावर आली. पहिलाच लेख तुझ्या सरांचा. इतकी वर्षं आपणच चुकलो, अशी थोर मनाची कबुली आणि पाठोपाठ ‘माझा नवा शोध’. तू मला पाठवलेले दोन्ही फोटो आहेत. तुझं नाव नाही. माझं खिळ्याचं वाक्य आहे, त्यातला स्वल्पविरामसुद्धा त्यांनी जागचा हलवलेला नाही.

त्यांच्या नावातलं एखादं अक्षर फिरवायला मला एक क्षण पुरला असता. हात शिवशिवले. पण तीस वर्षांत मुद्दाम चूक केली नाही, ती असल्या माणसापायी का करू? मग रोज लिहितो तशी समासात शंका लिहिली: ‘हे वाक्य मी २३ जुलै रोजी बहिणीस लिहिलेल्या पत्रातले आहे. लेखकाने आधार द्यावा.’ खाली सही केली.

संपादकबाईंचा फोन आला. त्यांना आपली पत्रं हवी आहेत. तुझी माझ्याकडे आहेत, माझी तुझ्याकडे. तू हो म्हटल्याशिवाय मी कागद हलवणार नाही. प्रबंधावरची सही तुझी अडकली आहे, माझी नाही.

कसाही निर्णय घेतलास तरी घराचं दार उघडंच आहे.
दादा

२ डिसेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुला फोनवर हो म्हटलं, त्याच दिवशी माझ्याकडची तुझी पत्रंही संपादकबाईंना पाठवली. पुढचं ऐक.

सरांनी बोलावून घेतलं. लेख दोघांच्या नावावर करू म्हणाले. तू मला मुलीसारखी, घरातली भांडणं बाहेर कशाला, असंही म्हणाले. मी नाही म्हणाले आणि निघाले. लेख मागे घेतला गेला. विभागाने त्याला ‘गैरसमज’ असं नाव दिलं. सर आहेत तिथेच आहेत. मी दुसऱ्या मार्गदर्शकांसाठी अर्ज केलाय, वर्ष तरी जाणार. संपादकबाई माझं दोन पानी टिपण छापतायत, तुझ्या आभारासह.

परवा सरांच्या तासाला मागच्या बाकावर जाऊन बसले. त्यांनी तीच कविता शिकवली, नव्या शब्दासह, जणू त्यांचंच सगळं. माझं नाव घेतील असं मला वेडीला क्षणभर वाटलं होतं. मग त्यांनी शेवटची ओळ म्हटली. ‘प्रेम’ या शब्दावर त्यांचा आवाज थरथरला. दादा, त्यांनी ती फार सुंदर म्हटली. इतकी की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चोराने माझीच वस्तू मला दाखवावी आणि मी हरखून बघत राहावं! याच्याइतकी किळस मला कधी वाटली नव्हती.

वही मिटली आणि तास चालू असतानाच उठून बाहेर आले.

वहिनीला नमस्कार. माझ्यावर लोभ आहे, तो माझ्या चुकांसकट असू दे.
तुझी बडबडी