मिटलेल्या डोळ्यांचे दहा गुण

३ फेब्रुवारी, सोमवार

निबंधाला वीसपैकी सात. सात! कागदाचा बोळा करून शरयू मॅडमच्या तोंडावर फेकावासा वाटला. फेकला नाही. बाकावर मूठ आपटली, तर माझ्याच बोटांची सालटी निघाली.

राजकीय सिद्धांताचा हा पेपर म्हणजे एम. ए.च्या दुसऱ्या सत्रात गळ्यात बांधलेली धोंड आहे. मॅडम जीव ओतून शिकवतात आणि गुण देताना जीव घेतात. शेरा काय, तर 'राग भरपूर, युक्तिवाद नाही.' युक्तिवाद म्हणे! एक ठेवून दिली की जगाला बरोबर कळतो युक्तिवाद.

घरी अम्मी म्हणाली, "मुँह कायकू फुलाई?" काही सांगितलं नाही. इथे मात्र सगळं लिहीन. घरात सगळी उर्दू. भाईला दुकानावरची मराठी पाटी वाचता येते, हाताने लिहिलेलं नाही. मराठीत लिहिलं की कपाटाला कुलूप लावल्यासारखं आहे.

४ फेब्रुवारी

कँटीनमध्ये याच पेपरावरून भांडण. अंतर्गत गुणांतले दहा मॅडम स्वतः देतच नाहीत, वर्ग देतो. एकेकाने टेबलाशी उभं राहून एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं. मग बाकीच्यांनी डोळे मिटून दोन्ही हात वर करायचे. जितकी बोटं तितके गुण. मूठ म्हणजे शून्य. डोळे फक्त मॅडमचे उघडे, त्या मधला आकडा धरतात. "कुणाला भिऊन कुणी गुण देऊ नयेत, म्हणून मिटायचे," असं त्यांचं म्हणणं. असला प्रकार दुसऱ्या कुठल्या कॉलेजात मी ऐकलेला नाही.

बेबीनंदा म्हणाली, "शिकवतेत लई भारी. पर गुण देताना जसं काय अंगावरचं सोनं काढून देऊन राह्यल्या." ऋषीला हाच एक पेपर आवडतो. केदारखेड्याहून रोज येतो तो, धक्के खात. "बाकीचे नुसत्या नोट्स उतरून देतेत. हितं भांडता तर येतं!" परतूरचा मुनीर हळू बोलतो, त्याचं ऐकायला वाकावं लागतं. "सवाल चांगले हायत. पर दहा गुण दोस्तांच्या हातात? दोस्ती खराब व्हती."

मच्छिंद्र टेबलावर पाय टाकून बसलेला. "माझा चुलता संस्थेवर हाय. अन् मॅडम अजून तासिकेवर, कायम न्हाईत. मला कोण कमी देतं बघू." त्याच्या बरोबरची पोरं हसली. पाय ओढून त्याला खाली आदळावा असं वाटलं!

डोळे मिटण्याबद्दल माझं मत विचारलं नाही कुणी. मी मिटतच नाही. पापण्यांतून बारीक फट ठेवते. मुनीरही ठेवतो. मागच्या आठवड्यात आमची नजरानजर झाली, दोघांनी चोरासारखे डोळे मिटले.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

मच्छिंद्रची पाळी. प्रश्न होता : दंडुका चालवायचा हक्क राज्यालाच का, आपल्याला का नाही? खिशात हात घालून उभा राहिला. "बळी तो कान पिळी. खतम."

मॅडम म्हणाल्या, "जग कसं आहे ते सांगितलंत. ते योग्य का, ते सांगा."

"योग्य-बिग्य मला न्हाई माहीत. चालतं का न्हाई, ते बघा ना."

डोळे मिटायला सांगितले. मी मूठ वर केली, इतकी आवळून की सोमवारचं सालटं परत फाटलं. फटीतून पाहिलं – ऋषीचीही मूठ. बाकीच्यांची दोन बोटं, तीन बोटं. मुनीरचे डोळे आजही उघडे. मॅडम म्हणाल्या, "दोन."

मागून कुणीतरी हसलं. मच्छिंद्रने डस्टर उचलून खिडकीवर मारलं, काच खळ्ळकन खाली आली. त्याला असं तडफडताना बघून मला गार वाटलं. खोटं कशाला लिहू?

८ फेब्रुवारी

मच्छिंद्र आला नाही. वर्गात दिवसभर मोकळा श्वास.

१० फेब्रुवारी, सोमवार

ऋषीला मारलं.

सायकल स्टँडमागे. तीन पोरांनी धरला, गज मच्छिंद्रच्या हातात. बेबीनंदाने पाहिलं, तिनेच सांगितलं. उजव्या हाताची मूठ वळायला लावली. ती ओट्यावर ठेवली. आणि गजाने ठेचली, परत परत. "दाखव ना आता मूठ! शून्य देतो का? दाखव!"

मी पोचले तेव्हा तो ओट्याला टेकून बसला होता. बोटं कुठल्या कुठे वळलेली, नखांच्या जागी नुसतं रक्त. ओरडत नव्हता. त्याचाच मला जास्त राग आला. ओरड ना, मेल्या! दवाखान्यात पोलीस आला तर सांगतो, "गाडीवरून पडलो." माझ्याकडे बघत सांगितलं.

गज माझ्या हातात आला तर मी मच्छिंद्रचे गुडघे फोडीन. लिहून ठेवते.

मूठ दाखवली हे त्याला कळलं कसं? आणि मूठ तर मीही दाखवली होती. मला कुणी बोटही लावलं नाही.

११ फेब्रुवारी

मच्छिंद्र वर्गात आला, बुटावर अजून डाग. म्हणाला, "मॅडम, माझ्या गुणांचं मत परत एकदा घ्या." मॅडमनी फळ्याकडे तोंड केलं. हातातला खडू मोडला. मग म्हणाल्या, "घेऊ. डोळे मिटा."

कुणीच मिटले नाहीत. सगळे उघड्या डोळ्यांनी एकमेकांकडे बघत होते आणि सगळ्यांची दहाच्या दहा बोटं वर. माझीही. मॅडम म्हणाल्या, "दहा."

घरी येऊन स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. दोनदा.

१२ फेब्रुवारी

दिवसभर एकच विचार. डोळे मिटलेले असताना मूठ पाहिली कुणी? मी पाहिली. मी तर सांगितलं नाही. मग उरला कोण? मुनीर! त्याचे डोळे दर वेळी उघडे असतात. आणि मला सोडलं का, तेही कळलं. अपनी म्हणून. म्हणजे ऋषीला कापायला दिलं आणि माझ्यावर उपकार केले! हे उपकार तर गजाहून वाईट.

जुन्या जालन्यात भाई कापडाच्या ठोक दुकानात गठ्ठे उचलतो. त्याचं, मुझफ्फरचं, नाव घेतलं तर गल्लीत भांडणं थांबतात. जेवताना त्याला सगळं सांगितलं. मच्छिंद्रला हात लावायचा नाही, त्यातून गावभर आग लागेल, एवढं त्यालाही कळतं. म्हणाला, "वो गद्दार कौन है, उसका नाम बता."

सांगितलं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

स्टेशनबाहेर, परतूरच्या गाडीच्या वेळेला. मी रिक्षात बसून होते. बघायचंच होतं मला.

भाईने आधी कॉलर धरून विचारलं. मुनीर म्हणाला, "डोळे उघडे व्हते, बराबर हाय. पर मी मच्छिंद्रकडं बघतच नव्हतो." कुणाकडे बघत होतास, ते भाईने विचारलं नाही. मीही नाही. पहिल्या फटक्यात तो पडला. पोटात लाथा. डब्यातली भाजी रस्त्यावर, त्यावर त्याचं तोंड. लोक बघून पुढे जात होते. तो एकदाही उलटून मारायला उठला नाही. भाई थांबला, माझ्याकडे वळला, "बस?"

मी म्हणाले, "और एक."

ती चपराक कानावर बसली. आवाज रिक्षापर्यंत आला.

रात्रीचं जेवण पोटभर गेलं. ऋषीसाठी काहीतरी केलं, असं वाटलं.

१५ फेब्रुवारी

बेबीनंदाचा फोन. मुनीरच्या डाव्या कानाचा पडदा फाटला. डॉक्टर म्हणाले, त्या कानाने आता ऐकू येणं मुश्किल. बरं झालं, असं लिहायला बसले होते. लिहवत नाही.

ऋषीला जाऊन सांगितलं, तुझा बदला घेतला. त्याच्या हातात सळया घातल्यात. मग म्हणाला, "मुनीरनं? खरंच? त्या दिवशी रक्त द्यायला तोच आल्ता की."

गद्दारच रक्त देतात आधी, असं म्हणून मी उठले.

१७ फेब्रुवारी, सोमवार

आज मॅडम स्वतः टेबलापुढे उभ्या राहिल्या, आमच्या जागेवर. म्हणाल्या, "डोळे मिटा." मग म्हणाल्या, "ऋषीचं नाव मच्छिंद्रला मी सांगितलं. इतकी वर्षं तासिकेवर घालवली, या महिन्यात मुलाखत आहे, त्याचे काका तिथे बसणार. वाटलं, फार तर दम देईल. मुठी दोन होत्या. मी एकच नाव दिलं. आता मला किती, ते दाखवा."

माझे हात वर गेले नाहीत. डोळे मात्र या वेळी खरंच मिटले, गच्च. उघडले असते तर मुनीरचा रिकामा बाक दिसला असता.