ढोलकी जोरात वाजते त्या नावापाशी

प्रिय हरकमल,

तुझा फोन काढून घेतलाय असं तुझ्या मैत्रिणीनं, जस्सीनं सांगितलं, म्हणून हे कागदावर. अक्षर कसं आहे ते तुला माहीत आहे. नववीत शाळा सोडलेल्या कंबाइनवाल्याकडून आणखी काय अपेक्षा करणार.

यंदा कंबाइननं गहू कापत आम्ही पार नर्मदेपर्यंत गेलो होतो. तिथले लोक आम्हाला सरसकट सरदारजी म्हणतात. कुठल्या कुळाचा, गावातल्या कुठल्या पत्तीचा, कुणी विचारत नाही. एका म्हातारीनं तर मी पगडी बांधताना बघायला गल्लीतली सगळी पोरं गोळा केली, आणि वर म्हणते, हळू बांध रे, यांना नीट बघू दे. असो. सांगायचं वेगळंच आहे.

तू म्हणाली होतीस, एक तरी गोष्ट शोधून आण ज्यात आपण एक नाही. आपलं लग्न ठरून शगुनाचे लाडू वाटून झाले होते, आणि माझ्या बापूंना मोठेपणा मिरवायची हौस आली. तुमच्या घरच्यांना ते आमच्या मूळपुरुषाच्या समाधीवर घेऊन गेले. रिवाजाप्रमाणे तळ्यातली माती काढून त्या मूळपुरुषाच्या, बाबांच्या ढिगावर टाकायला तुझ्या दारजींची म्हातारी बहीण, तुझी भुआ, खाली वाकली आणि तशीच थांबली. म्हणाली, लहानपणी आम्हीही इथेच माती काढायचो. झालं. आडनावं वेगळी पडली तरी बाबा एकच, बाबांच्या दोन मुलांची आपण लेकरं, म्हणजे बहीणभाऊ, आणि लग्न मोडलं. बापूंनी त्या दिवशी घरीच लस्सी पाजून सगळ्यांना परत पाठवलं असतं तर आज आपलं लग्न झालेलं असतं. हे मी कंबाइनवर बसून किती वेळा घोकलंय.

म्हणून कापणी उरकल्यावर घरी न येता मी मालेरकोटल्याला गेलो. आपल्या कुळाची वंशावळ गाणाऱ्या मिरासींचं एक घर तिथे उरलंय. वाटेत एका मेळ्यात कुस्त्या बघत दोन दिवस गेले, रागावू नकोस. त्या घरातले निजामदीन चाचा आता फारसे उठत नाहीत. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी चहा मागवला आणि विचारलं, "तुला कुठली ऐकायचीय, जत्रेतली की घरातली?"

घरातली अशी. अब्दालीच्या फौजेनं शिखांची कत्तल केली, तो मोठा घल्लूघारा, त्यात बाबा पडले आणि त्यांचा थोरला मुलगाही पडला. थोरल्याला मूलबाळ नव्हतं. त्याच्या विधवेला पळापळीत एका कुंभाराचं तान्हं पोर सापडलं, आई मेलेलं. ते तिनं पदराखाली घेतलं आणि आपलं म्हणून वाढवलं. धाकट्या मुलाची लेकरं तुम्ही, त्या पोराची आम्ही. चाचा म्हणाले, "जत्रेत त्या पोराचं नाव आलं की आम्ही ढोलकी जोरात वाजवतो, पुत्तर. तुमच्या लोकांना वाटतं मान देतोय."

हरकमल, मी रस्त्यावर नाचायचाच बाकी होतो. आपलं रक्त एक नाही! मोटारसायकल तशीच तुमच्या गावाकडे वळवली.

तुझे दारजी खाटेवर पोरीच्या लग्नाच्या पत्रिका दुमडत बसले होते. मोग्याच्या त्या नव्या स्थळाशी ठरलेल्या. तू आत होतीस, बांगड्यांचा आवाज आला. मी गंमत केल्यासारखं विचारलं, दारजी, समजा उद्या निघालं की आम्ही कुंभाराच्या पोटचे, तर? ते खळखळून हसले. म्हणाले, "मग तुला खाटेवर कुणी बसवलं असतं? मडकी ठेव तिकडे आणि पाणी पिऊन नीघ, म्हणालो असतो."

मीही हसलो. करणार काय? पाहुल घेऊन खालसा झालेल्याला जात नसते हे गुरुद्वाऱ्यात आपण रोज ऐकतो, आणि बाहेर येऊन जोड्यांबरोबर जातही पायात चढवतो. तिकडे माझे बापू अमावास्येच्या अमावास्येला ती समाधी दुधानं धुतात. गावात शब्दाला वजन आहे ते बाबांच्या नावावर. त्यांना कुठल्या तोंडानं सांगू? चाचांची गोष्ट खोटी असली तर तू बहीण, आणि खरी असली तर मी कुंभार. तिसरं काही मला सापडलं नाही, आणि आता शोधायला कुठे जाऊ तेही कळत नाही.

मी उठलो तेव्हा दारजींनी माझा हात धरला. त्यांचे डोळे भरले होते, माणूस वाईट नाही गं. म्हणाले, हरकमलला सख्खा भाऊ नाही, पोरगी हट्टाला पेटलीय, कुणाची तरी वाट बघतेय. तू आता घरचाच मुलगा. तिला समजाव, तुझं ऐकेल. लग्नात लावांच्या वेळी ग्रंथसाहिबांभोवती तिला फेऱ्यात हाताला धरून पुढे द्यायला भावाच्या जागी तू उभा राहा. मी हो म्हणालो. म्हणून हे पत्र. मी शोधायला गेलो होतो ते सापडलं, आणि ते कुणालाच सांगता येणार नाही. वाट बघू नकोस. फेऱ्यात माझ्यापाशी पोचलीस की मान खालीच ठेव, मी तुला नवऱ्याच्या मागून पुढे देईन. खाली काय लिहायचं ते सुचेना, म्हणून दारजींनी सांगितलं तेच लिहितो.

तुझाच भाऊ,
बलतेज