काचेचं ऐकलं तो दिवस

मामा, तुम्हाला वाचता येत नव्हतं. तुमच्या नावानं सरकारी बोर्डाचा कागद आला की उसाचा रस कढत असलेल्या काहिलीपासून चार हात लांब बसून मीच तो वाचून दाखवायचो. तेव्हा हे पत्रही तुम्ही माझ्याकडूनच वाचून घेतलं असतं. तुम्ही गेल्याला इतकी वर्षं झाली आणि मी हा असा, आता लिहायला बसलोय.

लढाई संपून आम्ही पलटणीतून सुटून आलो, तेव्हा बोर्डानं आमच्यासाठी कराडजवळ गूळ करायचा वर्ग काढला आणि शिकवायला तुम्हाला नेमलं, कारण तुमच्या तोडीचा गुळव्या पंचक्रोशीत नव्हता. त्यांच्या तक्त्यात ‘शिक्षकाचे शिक्षण’ असा एक रकाना होता. काय लिहू, असं मी विचारलं, तर तुम्ही भाजून भाजून काळं पडलेलं बोट माझ्या नाकासमोर धरलंत. “ह्ये लिव्ह.” मी मुकाट ‘अनुभवी’ लिहिलं. तुमची सगळी विद्या त्या बोटात होती. बोट आधी थंड पाण्यात, मग उकळत्या पाकात, की परत पाण्यात. बोटाला आलेल्या पाकाची गोळी वळायची. मऊ राहिली तर कढू द्यायचं, टणक झाली की काहील उतरवायची. पहिल्या दिवशी मी बोंब ठोकली, तर म्हणालात, “बंदुकीला भ्याला न्हाईस, आन् पाकाला भितोस व्हय रं?” सगळे खदाखदा हसले, पण माझं बोट पाण्याच्या बादलीत बराच वेळ तुम्हीच धरून ठेवलं होतंत.

मग तो तपासणीचा दिवस. बोर्डाचा नियम असा की काहील केव्हा उतरवायची हे शिकणाऱ्यानं एकट्यानं ठरवायचं आणि शिक्षकानं तोंड उघडायचं नाही. गूळ बसला तर वर्ग तुमच्याकडे राहणार होता, आणि मला दाखला. त्या दाखल्यावर बोर्डात माझी नोकरी ठरल्यात जमा होती. सकाळीच उसाचं कांडं चावून तुम्ही मला बजावलं होतंत, “नदीकडच्या खारवट रानातला हाय ह्यो. जरा जास्त कढू दे.”

तपासणीला आलेले बोर्डाचे साहेब काहिलीवर वाकून उभे आहेत. त्यांनी आणलेला थर्मामीटर पाकात आहे, हातात शेतकी खात्याचं पुस्तक. पारा पुस्तकातल्या आकड्यावर येतो. “हं, उतरवा,” साहेब म्हणतात. तुम्ही पलीकडे हात मागं बांधून उभे आहात, ओठ घट्ट मिटलेले. मी गड्यांना खूण करतो आणि काहील उतरते.

दुपारी साहेब जेवून परत आले तेव्हा ढेप होती कुठली? नुसता चिखल. साहेबांनी मला विचारलं, “काहील केव्हा उतरवायची, हे यांनी तुम्हाला शिकवलं नाही?” माझा राग येतो मला आजही. पलटणीत मी सुभेदाराशी भांडलेला माणूस, आणि तिथं माझ्या तोंडून निघालं, “न्हाई, साहेब.” त्यांनी ते लिहून घेतलं. वर्ग तुमच्याकडून काढून सांगलीकडच्या एका शिकलेल्या माणसाला दिला. माझी परीक्षा पुन्हा घेतली, आणि दाखला मिळाला. तुम्ही एवढंच म्हणालात, “तुजं बोट कुठं हुतं रं?” आणि कोपऱ्यात ठेवलेला पटका झटकून डोक्याला गुंडाळत चालू लागलात. मी मागं आलो नाही.

पुढं त्याच बोर्डात मी वर्ग तपासत हिंडलो. कुणी म्हातारा गुळव्या शिकवायला असला की आधी त्याचं बोट बघायचो, आणि थर्मामीटर पिशवीतच ठेवायचो. वरून ताशेरे आले, ते आले. त्यानं तुमचा वर्ग काही परत येणार नव्हता.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर राहिलंय. साहेब पुस्तकात बघत होते तेवढ्यात मी बोट घातलं होतं, मामा. गोळी मऊ होती. ती मी धोतराला पुसली आणि मग खूण केली. हे पत्र तुमच्यासमोर बसून वाचायची वेळ आली असती, तर एवढ्या ओळी मी गाळल्या असत्या.