शहपुऱ्याचा गलका

९ जानेवारी
लोकांकडे तोंड करून लावायचा तो एक माईक. त्याची खरी किंमत आज मनात मांडली. दुकानात सांगितली ती वेगळी, बायकोला, सुनंदाला सांगितली ती वेगळी. खरी अशी: ऐन लग्नसराईत स्पीकरची चांगली जोडी विकली, त्यापायी दोन गिऱ्हाइकं अधारतालच्या साउंडवाल्याकडे गेली ती गेलीच. सु.चा कूलर पुढच्या उन्हाळ्यावर, मग त्याच्याही पुढच्या. वर तिचा अबोला. जबलपूरच्या सदर बाजारातले बाकीचे साउंडवाले हसले ते वेगळं. म्हणे गाणारा तिकडे, माईक इकडे, काहून?
आज निखिल दुकानावर आला. ‘तोपखाना’ बँडचा गाणारा, तोफांच्या फॅक्टरीच्या क्वार्टरमधला. लाइव्ह अल्बम काढायचाय. आजवरच्या सगळ्या प्रोग्रामांत साउंड माझा, म्हणून रेकॉर्डिंगही माझ्याकडेच. अभय, त्यांचा गिटारवाला, मार्चमध्ये नोकरीला पुण्याला चालला. तो गेला की बँड संपला. नवीन काही वाजणार नाही, आहे त्यातूनच काढायचं.
“काका, हो जाएगा ना?”
म्हटलं, होऊनच राहिलं समज.

१४ जानेवारी
संक्रांत. हातात तिळाचा लाडू, कानात हेडफोन. नि. आणि अभय दिवसभर दुकानात. आठ गाणी निवडली. भांडणं दोन. तिसरं होणार होतं, सु.ने चहा आणला.
गाणी मुंबईच्या मिक्सिंगवाल्याकडे पाठवली. हार्ड रॉकमधला मोठा माणूस म्हणतात. बघू.

२१ जानेवारी
मुंबईचा फोन. स्पीकरवर ठेवला, सगळ्यांनी ऐकलं. गिटार झकास, ड्रम झकास, गळा झकास. पण लोकं कुठायत? म्हणाला, टाळ्या अशा येऊन राहिल्या की जणू शेजारच्या घरात कुणी पापड भाजतंय. हा लाइव्ह नाही, रिहर्सल आहे. एक तर स्टुडिओत पुन्हा वाजवा, नाहीतर माझ्याकडे टाळ्यांचा साठा आहे, पाहिजे तेवढ्या चिकटवून देतो.
पुन्हा वाजवायला वेळ नाही. नि.चा चेहरा लाल.
“दूसरों की ताली नहीं चाहिए, काका. उससे अच्छा एल्बम ही मत निकालो.”
पोराला मानलं. मग माझ्याच डोक्यात उजेड पडला. पाठवलं ते नुसतं स्टेजचं. माझा लोकांकडचा माईक वेगळ्या छोट्या रेकॉर्डरमध्ये जातो, ते कुणी मागितलंच नव्हतं. मीही विसरलो.
मुंबईला म्हटलं, थांबा जरा.

२४ जानेवारी
सगळे प्रोग्राम लोकांच्या बाजूने ऐकले. सदरचा: फौजी घरांतली माणसं, हुकमावर टाळी, हुकमावर बंद. कॉलेजचा: शिट्ट्याच शिट्ट्या, पण निम्म्या कुण्या मुलीसाठी, ते ऐकून कळतं.
आणि मग शहपुऱ्याचा मेळा, गेल्या वर्षीचा. शेवटचं गाणं ‘बारूद’. अभयची तार विरत गेली, एक श्वास शांतता, आणि मग जो गलका उठला! अंगावर काटा. मागे ढोलसुद्धा. म्हणजे लोकं आपल्या बँडसाठी ढोल घेऊन आली होती, आणि मला त्या दिवशी कळलंही नाही.
सु.च्या कानाला हेडफोन लावला. तीही होती शहपुऱ्याला. ऐकून म्हणाली, “एवढी माणसं होती? मला तर खुर्च्याच आठवतात.”
म्हटलं, तू तेव्हा चहा प्यायला गेली असशील.

२७ जानेवारी
मुंबईवाल्याने दोनदा ऐकलं. मग: “ये कहाँ का है?”
शहपुरा, म्हटलं. शेतकऱ्यांचं गाव. वर हेही सुनावलं की माझे डोळे बांधा, टाळी ऐकवा, मैदान सांगतो आणि टाळी कुणासाठी तेही सांगतो. असा गलका जबलपुरात आजवर कुण्या बँडला मिळाला नाही.
तो म्हणाला, अल्बमची सुरुवातच याने करू. आधी गलका, मग पहिलं गाणं. अल्बमचं नावही ठरलं. ‘गलका’.
साउंडवाल्यांच्या चहाला मुद्दाम गेलो. कुणी हसलं नाही.

८ फेब्रुवारी
अल्बम आला. मुखपृष्ठावर खाली बारीक, पण आहे: ध्वनिमुद्रण, आणि माझं नाव. हॉर्न डोक्यावर वाहून लग्नं वाजवली, त्या माणसाचं नाव. सु.ने चष्मा लावून वाचलं, मग देवाजवळ ठेवलं. देवही ऐकोत.
पार्टी नि.च्या घरी. त्याचे बाबा फॅक्टरीतून रिटायर, पोराचा एकही प्रोग्राम पाहिलेला नाही. आवाज कम करो, एवढाच त्यांचा या संगीताशी संबंध. आज खुर्ची ओढून स्पीकरसमोर बसले. गलका संपला तसे म्हणाले, “हे सगळे तुझ्यासाठी ओरडले?”
“हो बाबा.”
नि.ला मराठीत उत्तर देताना मी पहिल्यांदा ऐकलं.
बाबा म्हणाले, परत लाव.

१५ फेब्रुवारी
शहपुऱ्याचे पटेलजी आले, यंदाच्या मेळ्याचा साउंड ठरवायला. म्हटलं आधी हे ऐका, तुमच्याच गावचं. डोळे मिटून ऐकलं. ढोल आला तसे खुलले.
“अरे, ये तो अपनी दंगल है, भैया. ढोल अपने कल्लू का.”
मी म्हटलं, कुस्त्यांची दंगल तर आमच्या आधी संपणार होती. म्हणाले, लांबली ना गेल्या वर्षी. स्टेजच्या डावीकडे, कनातीपलीकडेच आखाडा. सारा मेळा तिकडे.
माईक मी डाव्या खांबाला बांधला होता, तोंड बाहेर. मी कनातीच्या आत, डोळे मीटरवर.
पटेलजी गेल्यावर पुन्हा ऐकलं. गलका तितकाच जबरदस्त. अभयची तार तितकीच सुंदर.
संध्याकाळी नि.चा फोन. बाबा रोज सकाळी चहाबरोबर लावतात, शेजाऱ्यांना बोलावून. मी अच्छा, अच्छा करत राहिलो. सांगावं तर काय?
पटेलजी सांगून गेले तसं, ‘बारूद’ संपलं त्या क्षणी शहपुऱ्याच्या रम्मू पहिलवानाने दमोहच्या पहिलवानाला चीत केलं होतं.